मज्जारज्जूचा रक्तपुरवठा आणि थिएटरमधली फसवी आकडेवारी: या चुका टाळा

"मॅडम, दोन्ही पाय गेले."
"आणि हात?"
"हात आहेत."

पाठीच्या बाकाची शस्त्रक्रिया चालू होती. न्यूरोमॉनिटरिंगच्या, म्हणजे मज्जारज्जूतून हातापायांचे सिग्नल येतायत का ते बघणाऱ्या, टेक्निशियनने एवढं म्हटलं आणि मोबाइलवरची गाणी कुणीतरी बंद केली. सर्जन शेवटी बसवलेल्या स्क्रूकडे बघायला लागले. मॉनिटरवर सरासरी बीपी ७५ होतं, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. मग माझं लक्ष खाली, धमनीतला दाब मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरकडे गेलं. पाऊण तासापूर्वी सर्जनने टेबल वर घ्यायला सांगितलं होतं. टेबल १५ सेंटीमीटर वर गेलं आणि ट्रान्सड्यूसर सलाइनच्या स्टँडवर होता तिथेच राहिला. दर सेंटीमीटरला सुमारे ०.७४ मिमी पाऱ्याची चूक होते, म्हणजे इथे ११. रुग्णाचं खरं बीपी ६४ होतं आणि आम्ही सगळे ७५ वर खूश होतो. दाब ८५ च्या वर नेला, दहाएक मिनिटांत पाय परत आले. स्क्रू जागच्या जागी होता.

हा प्रसंग नव्या मुलामुलींना मी दरवर्षी सांगते, कारण मज्जारज्जूत नेमकं किती रक्त वाहतंय हे दाखवणारं यंत्र रोजच्या थिएटरमध्ये नसतं. आपण बीपी बघतो, सिग्नल बघतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. बहुतेक घोळ या अंदाजालाच मोजमाप समजण्यातून होतात. टेबल हललं की ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला आणायचा, ही सवय हाताला लागली पाहिजे.

फक्त एसएसईपीवर (संवेदनेच्या सिग्नलवर) विसंबणं

मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूने एकच धमनी उतरते, मागच्या बाजूने दोन. पुढचा साधारण दोन-तृतीयांश भाग त्या एकटीच्या जिवावर असतो. तिला खालच्या टप्प्यात भर घालणारी मोठी शाखा म्हणजे अ‍ॅडमकिविचची धमनी. पोलिश वैद्यकतज्ज्ञ अ‍ॅडमकिविच यांनी १८८२ मध्ये तिचं वर्णन केलं. बहुतेकांत ती डावीकडून, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्याच्या आसपास आत शिरते. छाती-पोटातल्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेत क्लॅम्प (रक्त अडवणारा चिमटा) लागतो तो नेमका याच मुलखात.

एसएसईपी मागच्या भागातून जाणारी संवेदना तपासतं. पुढचा भाग उपाशी असताना ते बराच वेळ "सगळं ठीक" म्हणत राहू शकतं. शिवाय त्यात अनेक सिग्नलांची सरासरी काढावी लागते, म्हणून खबरही उशिरा येते. रक्तपुरवठ्याची काळजी असेल तर स्नायूंचे एमईपी, म्हणजे मेंदूला विजेचा झटका देऊन स्नायूंत मोजलेले हालचालीचे सिग्नल, हवेतच. आणि एमईपी लावताना दातांमध्ये मऊ बाइट ब्लॉक दोन्ही बाजूंनी नीट बसवा. प्रत्येक झटक्याला जबडा आवळतो, जीभ मधे सापडली की ती फाटते.

भूल आणि सिग्नल यांची भांडणं

एमईपी येत नाहीत म्हणून मशीनला शिव्या घालण्याआधी रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) किती वाजता दिलं ते विचारा. ट्रेन-ऑफ-फोर (स्नायू किती सैल आहेत ते दाखवणारी तपासणी) बघा. रुग्ण जरा हलला म्हणून ज्युनिअरने गुपचूप रिलॅक्संटचा अर्धा डोस दिला, असं माझ्यासमोर एकदा नव्हे, अनेकदा घडलंय. भुलीच्या गॅसनेही एमईपी दबतात. प्रोपोफॉल (शिरेतून द्यायचं भुलीचं औषध) आणि ओपिऑइड (अफूच्या जातीचं वेदनाशामक) यांवर चालवलेली भूल इथे बरी, पण त्यातही प्रोपोफॉलचा डोस अचानक वाढवू नका.

बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठी सुरुवातीचे सिग्नल, रुग्णाला पालथं करण्याआधी एकदा घ्या आणि केल्यावर पुन्हा घ्या. नुसती नंतरची घेतली तर मान वळवताना काही बिघडलं का, हे कळायला मार्ग उरत नाही.

कोण गेलं, हे न विचारणं

माझा पहिला प्रश्न "आणि हात?" होता तो यासाठीच. हातपाय सगळेच एकदम मंदावले तर आधी भूल, तापमान, तारा, एकूण बीपी यांच्याकडे बघा. हात शाबूत आणि दोन्ही पाय गेले तर मज्जारज्जू. एकच पाय गेला आणि त्याच मांडीत बायपासची कॅन्युला (रक्त वाहून नेणारी नळी) असेल, तर बहुधा त्या पायालाच रक्त नाही. एकच हात गेला तर खांदा ताणला गेलाय का, ते चादर उचलून बघा.

पाठीच्या स्नायूंवर चिकटवायचे ऑक्सिजनचे सेन्सर आता काही ठिकाणी महाधमनीच्या शस्त्रक्रियेत वापरतात. स्नायू आणि मज्जारज्जू यांच्या रक्तवाहिन्यांचं जाळं एकमेकांत गुंतलेलं असतं, हा त्यामागचा विचार. मला ते आवडतात, पण ते स्नायूचा ऑक्सिजन दाखवतात. तेवढ्यावर निर्णय घेऊ नका.

ड्रेन

ड्रेन म्हणजे मज्जारज्जूभोवतीचं पाणी (सीएसएफ) काढायची नळी. इथे मी जरा रेंगाळणार आहे. मज्जारज्जूला मिळणारा दाब म्हणजे सरासरी बीपी वजा सीएसएफचा दाब. बीपी ८० आणि सीएसएफ १० असेल तर ७० मिळतात, सीएसएफ २० झाला तर ६०. सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरांतला दाब) सीएसएफपेक्षा जास्त असेल तर सीएसएफऐवजी तो वजा करायचा. म्हणून बीपी उचलायला नुसती सलाइन ओतत राहिलात तर सीव्हीपीही वाढतो आणि एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घेता.

ड्रेनच्या ट्रान्सड्यूसरला प्रेशर बॅग किंवा हेपरिनचं फ्लश कधीही जोडू नका. धमनीची लाइन लावायच्या घाईत हात तसाच चालतो, म्हणून नळीवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा. दाब १० च्या आसपास ठेवायचा, पाणी ताशी १०-१५ मिलीच्या पुढे सहसा काढायचं नाही. जास्त निघालं की मेंदू खाली ओढला जातो आणि कवटीत रक्तस्राव होऊ शकतो. आयसीयूत हे कसं घडतं? जेवण भरवायचं म्हणून मावशी पलंगाची डोक्याकडची बाजू उचलतात, ड्रेनचं पाणी जमा होणारा चेंबर तिथेच राहतो आणि पाणी भराभरा उतरतं. पलंग हलवण्याआधी ड्रेनचा क्लॅम्प बंद करायचा, हे मावशींनाही सांगा. पाणी लालसर दिसलं तर ड्रेन बंद करून लगेच वरिष्ठांना बोलवा.

सकाळी आठची गोळी

थिएटरमधून पाय हलवत बाहेर आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही लुळा पडू शकतो, आणि अनेकदा त्याच्या आधी बीपी पडलेलं असतं. महाधमनीचे बरेच रुग्ण जुने बीपीवाले. वॉर्डातल्या कागदावर घरच्या गोळ्या जशाच्या तशा उतरवलेल्या असतात आणि सकाळी आठला इमानेइतबारे दिल्या जातात. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहा: विचारल्याशिवाय बीपीची गोळी नाही. त्याखाली तासातासाचे रकाने आखा, डावा पाय, उजवा पाय. आणि सिस्टरना सांगा, "काका, पाय हलतायत ना?" असं विचारून टिक करू नका. पांघरूण बाजूला करा आणि काकांना दोन्ही गुडघे उचलायला लावा.