सळईचं फर्निचर करताना या चुका टाळा

सळईचं फर्निचर कागदावर फार पटकन जमतं. एक रेघ म्हणजे एक सळई, दहा-बारा रेघा म्हणजे स्टूल. पण रेघेला जाडी नसते, ती वाकवल्यावर परत उसळत नाही आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ओढलीही जात नाही. सळईच्या बाबतीत हे सगळं होतं. त्यामुळे फसलेला नग उलटसुलट करून पाहिला, तर मूळ चूक बहुतेक वेळा वर्कशॉपमध्ये नव्हे, रेखाटनातच सापडते.

एका बिंदूत भेटणाऱ्या सळया

रेखाटनात तीन रेघा एका कोपऱ्यात सहज भेटतात. प्रत्यक्षात 10 मिमीच्या दोन सळया एकमेकींवरून गेल्या की तिथे 20 मिमी उंची होते, आणि तिसरीला बाजूला सरकावं लागतं. मग बैठक एका बाजूने वर येते किंवा पाय ठरल्यापेक्षा बाहेर पडतो. कोणती सळई वरून जाणार, कोणती खालून आणि कोणती टोकाला टेकणार, हे आधीच ठरवा. एका प्लायवर 1:1 मापात, प्रत्येक सळईच्या दोन्ही कडा दाखवून आराखडा काढा. माप बाहेर ते बाहेर आहे की मध्य ते मध्य, हेही तिथेच लिहा. 10 मिमी सळईच्या चौकटीत 450 मिमी बाहेरचं माप म्हणजे मध्य ते मध्य 440. हा फरक तोंडी सांगून राहत नाही.

तारेचा छोटा नमुना जरूर करा. 1:5 प्रमाणात 10 मिमी सळईसाठी 2 मिमी तार बरोबर बसते. पण नमुन्यावरून फक्त आकार आणि प्रमाण पारखा, ताकद नाही. हातात धरलेला नमुना नेहमीच ताठ वाटतो, कारण त्यावर माणसाचं वजन कधी येतच नाही.

लांबी कापताना बाहेरची मापं जोडणं

समजा, 10 मिमी सळईचा काटकोनी तुकडा हवा आहे, दोन्ही भुजा बाहेरून 400 मिमी. कापताना 800 मिमी घेतले तर तुकडा लांब होतो. वाकाची आतली त्रिज्या 30 मिमी असेल, तर प्रत्येक भुजेचा सरळ भाग 400 वजा 40, म्हणजे 360 मिमी. वाकाची लांबी सळईच्या मध्यरेषेवर मोजायची: 35 × 1.57, म्हणजे साधारण 55 मिमी. एकूण 775. एका वाकाला 25 मिमीचा फरक, आणि चार वाकांच्या चौकटीत तब्बल 100 मिमी.

दुसरी गफलत उसळीची. 90 अंशांवर थांबवलेली सळई डायमधून (वाकवण्याच्या साच्यातून) सोडताच दोन-चार अंश उघडते, म्हणून तेवढं जास्त वाकवावं लागतं. नेमकं किती, हे त्याच लॉटच्या तुकड्यावर तपासा. लॉट बदलला की उसळही बदलते. आतली त्रिज्या सळईच्या व्यासाच्या दीडपटीपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर बाहेरच्या बाजूला भेगा दिसू शकतात. अगदी तीक्ष्ण कोपराच हवा असेल, तर वाकवण्याऐवजी 45 अंशांत कापून जोड द्या.

डुगडुगणारे पाय

सर्वाधिक तक्रारी याच एका गोष्टीच्या. 400 मिमी उंचीच्या स्टुलावर छान चाललेले 10 मिमीचे हेअरपिन पाय (केसांच्या आकड्यासारखे, दोन सळयांचे) तसेच 710 मिमीच्या टेबलाला लावले जातात आणि टेबल झुलायला लागतं. आडव्या धक्क्याने पायाचं टोक किती हलणार, हे लांबीच्या घनावर ठरतं. त्यामुळे 400 वरून 710 ला गेल्यावर हालचाल साडेपाच पटींहून जास्त होते. ताठपणा मात्र व्यासाच्या चौथ्या घातावर वाढतो: 10 ऐवजी 12 मिमी घेतली तर तो दुप्पट होतो, म्हणजे हिशेब अजून अपुराच. फक्त जाडीने भरपाई करायची तर जवळपास 16 मिमी लागेल आणि वजन अडीचपट होईल. (मीटरमागे किलो काढायला व्यासाचा वर्ग भागिले 162. 10 मिमीचं वजन 0.62, 16 मिमीचं 1.58.)

त्यापेक्षा 12 मिमीची तिसरी सळई घालून पायाचा पाया त्रिकोणी करा, किंवा पाय खालच्या बाजूला आडपट्टीने बांधा. दोन सळयांचा पाय स्वतःच्या पातळीत ताठ आणि आडव्या दिशेने लवचिक असतो. म्हणून चारही पाय एकाच दिशेला तोंड करून लावू नका, कोपऱ्यात 45 अंशांत फिरवून लावा.

बैठकीतही विचार हाच. सगळ्या सळया एकाच जाडीच्या घेण्याची गरज नाही. हॅरी बर्टोइया यांच्या, नॉल कंपनीने 1952 मध्ये आणलेल्या जाळीदार खुर्च्यांत कडेची सळई आतल्या जाळीपेक्षा जाड असते. जाळी वजन पसरवते, कड आकार धरून ठेवते. आतल्या सळयांमधलं अंतर 25 मिमीच्या पुढे नेलं की उशीशिवाय बसणं त्रासाचं होतं.

हाताला लागेल ती सळई

बांधकामाची टीएमटी सळई घेतली तर तिच्या कंगोऱ्यांमुळे जोड नीट बसत नाहीत, आणि गॅसने तापवून वाकवली तर बाहेरचा कडक थर नरम पडतो. काळ्या माइल्ड स्टीलवर (साध्या, मऊ पोलादावर) भट्टीचा पापुद्रा असतो. तो घासून किंवा शॉट ब्लास्टिंगने (बारीक छर्रे जोरात मारून) काढला नाही, तर पुढे रंग त्याच्यासकट सुटतो. ब्राइट बार (थंड अवस्थेत ओढून काढलेली चकचकीत सळई) सरळ आणि अचूक मापाचा येतो, पण उसळतो जास्त. सरळ सळयांची बैठक असेल तर ब्राइट, खूप वाक असतील तर साधं माइल्ड स्टील. जस्ताचा मुलामा असलेली सळई वेल्ड करू नका. तिचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. जस्त हवंच असेल तर ते वेल्डिंगनंतर चढवा.

घासून गायब केलेला जोड

दोन सळया टोकाला टोक लावून जोडल्या, वरून वेल्ड भरला आणि फ्लॅप डिस्कने (ग्राइंडरच्या घासचकतीने) गुळगुळीत केला. दिसायला सुंदर, पण वेल्ड फक्त वरवरचाच होता आणि तोही घासून टाकला. पहिल्याच जोरात तो जोड तुटतो. दोन्ही टोकांना छिन्नीसारखा उतार द्या, मध्ये 2 मिमी फट ठेवा आणि दोन्ही बाजूंनी भरा. मग घासलं तरी आतलं धातू शिल्लक राहतं. एकमेकींना छेदणाऱ्या गोल सळया तर एका बिंदूतच टेकतात, तिथे दोन्ही बाजूंना वेल्ड हवाच. 2.5 मिमी इलेक्ट्रोडला 70 ते 90 अँपिअर पुरतात. 6 मिमीच्या सळईवर करंट जास्त ठेवला तर जोडाच्या कडेला खाच पडते, आणि सळई नंतर तिथूनच मोडते.

थंड होताना वेल्ड आकसतो. पंधरा सळया चौकटीच्या एकाच बाजूला ओळीने वेल्ड केल्या, की चौकट त्या बाजूला धनुष्य होऊन वाकते. आधी सगळीकडे टॅक (वेल्डचे छोटे, तात्पुरते ठिपके) मारा. मग मधून सुरू करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं पूर्ण करा. पूर्ण थंड होईपर्यंत शिकंजे सोडू नका.

कर्ण बरोबर, तरी तीनच पाय टेकतात

कर्ण मोजून चौकट काटकोनात आहे हे कळतं, पीळ कळत नाही. दोन समोरासमोरच्या सळया एका डोळ्याने रांगेत पाहा, एक टोक वर दिसलं तर पीळ आहे. टॅकच्या टप्प्यावर तो हाताने निघतो, पूर्ण वेल्डनंतर काहीतरी कापावंच लागतं. तपासणी सपाट प्लेटवर करा, जमिनीवर नको. जमीन स्वतःच सपाट असेल याची खात्री नाही.

रंग आणि जोडणी

पावडर कोटिंगमध्ये (कोरडी रंगपूड फवारून भट्टीत भाजणं) सळयांच्या आतल्या कोपऱ्यांत पावडर नीट पोहोचत नाही, आणि गंज सुरू होतो तो तिथूनच. कोटिंग करणाऱ्याला ते कोपरे दाखवा. वेल्डचे शिंतोडे, तेल आणि बोटांचे डाग आधीच काढा. आटे असतील तर ते झाकून पाठवा. भट्टीत तापमान 180 ते 200 अंश सेल्सिअस असतं, म्हणून पायांच्या रबरी टोप्या नंतरच बसवा. बाहेर ठेवायच्या फर्निचरला टोपीऐवजी तळाला छोटी चकती वेल्ड करा, टोपीत पाणी साचतं.

लाकडी फळी लावताना स्क्रू मारायला 4-5 मिमी जाडीची प्लेट घ्या. स्क्रू फळीच्या जाडीच्या तीन-चतुर्थांशापेक्षा आत जायला नको. अखंड लाकूड दमट आणि कोरड्या हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं, त्यामुळे त्या दिशेची भोकं गोल न ठेवता लांबट करा आणि स्क्रू अगदी आवळून टाकू नका.