घरात शेवटच्या आजारातलं माणूस आहे? सांभाळणाऱ्यालाही असं सांभाळा

सगळ्यात आधी पाळ्या लावा. आमच्या वऱ्हाडात अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं एकट्या सुनेवर नाहीतर बायकोवर येऊन पडतं. भेटायला आलेला जो तो ‘काही लागलं तर सांगजो’ म्हणतो अन् चहा पिऊन निघतो. त्याला उठायच्या आधीच काम सांगा: ‘मंगळवारी रात्री १० ते २ तुम्ही बसा.’ आईच्या आजारपणात दीड महिना मी कुणालाच बोललो नाही. एका रात्री गोळीची वेळ माझ्या झोपेत निघून गेली. आई कण्हत होती अन् मला ऐकूच आलं नाही. दुसऱ्याच दिवशी मावसभावाला बोलावलं, तो एक दिवसाआड यायला लागला. कापूस वेचणीत दिवसा माणूस मिळत नाही, म्हणून रात्रीचं आधी ठरवा.

मग कूस बदलायला शिका. साधारण दर २ तासांनी, जमेल तेव्हा दोघांनी, अंगाखालच्या आडव्या चादरीला धरून उचलून. ओढलं की रोग्याची कातडी घासते अन् तुमची कंबर जाते. दर वेळी माकडहाड, खुबे, टाचा पाहा. बोटानं दाबूनही लाली जात नसेल तर त्या जागेवर भार देऊ नका, आशाताईला किंवा नर्सला दाखवा.

दुखण्याची औषधं घड्याळ पाहून द्या, कण्हण्याची वाट पाहू नका. मॉर्फिन या जोरदार दुखणं कमी करणाऱ्या औषधाला लोक घाबरतात, पण डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत त्यानं सहसा व्यसन लागत नाही. त्यानं संडास मात्र घट्ट होते. पोट साफ होण्याचं औषध सोबतच मागून घ्या. दिलेली प्रत्येक गोळी वहीत लिहा, म्हणजे पाळी बदलली तरी घोळ होत नाही. नागपूर-सेवाग्रामला उपचार झाले असतील तर दवाखान्यातून घरी सोडतात त्या दिवशीच विचारा: गोळ्या संपल्या तर जवळ कुठं मिळतील, रात्री फोन कुणाला करायचा?

शेवटी-शेवटी जेवण सुटतं. ‘उपाशी ठेवलं’ म्हणणारे नातेवाईक येतीलच. तरी घास कोंबू नका, ठसका लागून अन्न श्वासात जातं. ओल्या कापसानं ओठ, जीभ ओली करत राहा. आईला तेवढ्यानंच बरं वाटायचं.

मन भरून आलं तर १४४१६ वर फोन लावा. ही टेली-मानसची, म्हणजे मनाच्या त्रासावर बोलायची सरकारी फोनसेवा फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. आणि पाळी दुसऱ्याची असेल त्या रात्री शेजारच्या घरी जाऊन झोपा. त्याच खोलीत पडलात तर कान तिकडेच लागून राहतो.