जपानच्या जुन्या कायदेसंहिता वाचताना या चुका टाळा

सगळ्यात आधी 604 सालचं 17 कलमी ‘संविधान’. या शब्दानेच घोटाळा होतो, कारण संविधान म्हटलं की आपल्याला नागरिकांचे हक्क आठवतात. शोतोकु राजपुत्राच्या नावावर असलेला हा मजकूर म्हणजे अधिकाऱ्यांना केलेला उपदेश आहे. आठव्या कलमात तर सकाळी लवकर कामावर या, उशिरा घरी जा, एवढंच सांगितलंय! खरे कायदे पुढे आले. त्यांना रित्सुऱ्यो म्हणतात. रित्सु म्हणजे दंडविधान आणि ऱ्यो म्हणजे कारभाराचे नियम.

दुसरी चूक जाणती माणसंही करतात. 646 सालचं ताइका सुधारणांचं, म्हणजे राज्यकारभार बदलणारं फर्मान ‘निहोन शोकी’ या जुन्या इतिहासग्रंथात आहे, म्हणून ते शब्दन् शब्द त्याच सालचं मानलं जातं. पण ‘निहोन शोकी’ पूर्ण झाली 720 साली. फर्मानात जिल्ह्यासाठी ‘कोओरी’ हा शब्द एका चिनी अक्षराने लिहिलाय. फुजिवारा या जुन्या राजधानीतल्या राजवाड्याच्या उत्खननात मालाला बांधायच्या लाकडी चिठ्ठ्या सापडल्या. बोटभर रुंदीची पट्टी, दोरी अडकावी म्हणून कडेला खाच, आणि वर कुठून काय आलं याची नोंद. 701 पूर्वीच्या चिठ्ठ्यांवर हाच ‘कोओरी’ वेगळ्याच अक्षराने लिहिलेला आहे. म्हणजे फर्मानातलं अक्षर 646 चं नाही, त्याच्या मजकुरावर नंतरचा हात फिरलाय. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत सुंदर पुरावा. म्हणून मजकूर कोणत्या सालाबद्दल आहे आणि तो कधी लिहिला गेला, हे दोन्ही पाहायची सवय लावा.

701 ची ताइहो संहिता मूळ रूपात उरलेली नाही. आपण वाचतो ती बहुतांशी 757 साली अमलात आलेली योरो संहिता, तीही नंतरच्या भाष्यग्रंथांतून. उतारा देताना ही दोन नावं एकमेकांच्या जागी घालू नका.

‘सगळी चीनची नक्कल’ असं म्हणून मोकळं होणंही बरोबर नाही. जपानने देवकार्यासाठी जिंगिकान हे स्वतंत्र खातं काढून ते दाइजोकान या सर्वोच्च मंडळाच्या बरोबरीने ठेवलं. परीक्षा होत्या, पण बड्या घराण्यातल्या मुलाला वयाच्या 21 व्या वर्षी बापाच्या, आजोबांच्या दर्जावरून पद मिळे.

आता जमीनवाटप. नियमाप्रमाणे दर सहा वर्षांनी माणसांची नोंदवही व्हायची. सहा वर्षांवरच्या पुरुषाला 2 तान (तान हे जमिनीचं माप) भातशेती, बाईला त्याच्या दोन तृतीयांश. हे वाचून ‘केवढी समता’ असं लिहून टाकण्याआधी आवा प्रांतातली 902 सालची नोंदवही बघा. तिच्यात पुरुष मोजके आणि बायकाच बायका, त्यांतही म्हाताऱ्या कितीतरी. गावातले पुरुष गेले कुठे? कापडाचा कर आणि वेठ पुरुषांच्याच माथी होती, शेत मात्र बाईच्या नावावरही मिळत होतं. त्यामुळे कागदावर पुरुष दाखवायला कोण तयार होणार?