अनस्कूलिंग आणि स्क्रीन: मर्यादा घालताना या चुका टाळा

शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या घरात एक विसंगती हमखास दिसते. काय वाचायचं, गणिताला कधी हात लावायचा, सकाळी किती वाजता उठायचं, हे सगळं मुलावर सोपवलेलं असतं. मोबाइल मात्र अर्धा तास, तोही आईच्या नजरेसमोर. अमेरिकेत शिक्षणावर लिहिणारे जॉन होल्ट यांनी १९७०च्या दशकात 'अनस्कूलिंग' (शाळा आणि ठरलेला अभ्यासक्रम सोडून मुलाच्या कलाने शिकणं) हा शब्द रुजवला, तेव्हा त्यांचा सगळा भर मुलाच्या कुतूहलावर भरवसा ठेवण्यावर होता. टॅब हातात आला की तो भरवसा डळमळतो. उलट काही घरांत 'आम्ही कसलंच बंधन घालत नाही' असं म्हणत आईवडील आपापल्या कामाला लागतात. दोन्ही घरांतले आईवडील एकाच तक्रारीवर येतात: मूल दिवसभर स्क्रीनला चिकटलेलं असतं.

मोबाइल बक्षीस म्हणून देणं

'आधी दोन पानं वाच, मग अर्धा तास गेम.' शाळेची सवय मोडलेल्या घरांतही हा व्यवहार टिकून असतो, आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं, अशी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. एकदोन आठवड्यांनी, बक्षीस नसताना, हीच मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. बक्षिसाने आवडीला कामाचं रूप दिलं.

आपला सौदा याच मार्गाने जातो, वर आणखी एक गोष्ट शिकवतो: वाचन ही भरायची किंमत आणि गेम हा खरा माल. मग मूल दोन पानं घाईघाईत उरकतं यात नवल काय? हा सौदा चालू असेल तर तो आधी बंद करा. वाचायचं असेल तेव्हा वाचू दे आणि खेळायचं असेल तेव्हा खेळू दे. एकाची किंमत दुसऱ्यात वसूल करू नका.

'शैक्षणिक' आणि 'टाइमपास' अशी वाटणी

पृथ्वीच्या अंतरंगावरचा व्हिडिओ चालतो, कार्टून चालत नाही. पण मराठी घरांतली किती मुलं हिंदी कुठल्या पुस्तकातून शिकतात? हिंदीत डब केलेल्या कार्टूनमधून शिकतात, आणि शाळेत हिंदी सुरू व्हायच्या आधीच फडाफडा बोलतात. क्रिकेट बघणारं आठ-नऊ वर्षांचं पोर ३० चेंडूंत ५२ धावा हव्यात म्हटलं की 'षटकाला दहाच्या वर' असं पटकन सांगतं, भागाकार न शिकवता. माइनक्राफ्ट या गेममध्ये रेडस्टोनने (गेममधल्या विजेच्या तारेसारख्या वस्तूने) आपोआप उघडणारं दार बनवणारा मुलगा इंग्रजीतल्या सूचना अडखळत का होईना वाचतो, कारण त्याला दार उघडायचं असतं.

तरीही सगळं सारखंच, असं मी म्हणणार नाही. मी एकच गोष्ट बघते: पुढे काय बघायचं हे कोण ठरवतंय? रील्स आणि शॉर्ट्समध्ये ते अ‍ॅप ठरवतं, मूल फक्त बोट सरकवतं. तिथे आडकाठी घालणं मला मुलाच्या स्वातंत्र्यावरचा घाला वाटत नाही. ऑटोप्ले बंद करा, नोटिफिकेशन बंद करा. त्याला हवा तो व्हिडिओ त्याने स्वतः शोधावा. नीट शोधता येणं हीसुद्धा शिकण्यासारखी गोष्ट आहे.

एका रात्रीत सगळी बंधनं उठवणं

दोन वर्षं मोजूनमापून दिलेला टॅब एके दिवशी 'आजपासून मोकळा' झाला की मूल तुटून पडणारच. उपास सुटल्यावर कोणी अर्धी पोळी खात नाही. आठवडाभरात आईवडील घाबरतात, टॅब पुन्हा कपाटात जातो, आणि मूल मनाशी पक्कं करतं की मिळतंय तोवर ओरपून घ्यायचं. त्यापेक्षा सैल करायचं ते हळूहळू करा, आणि एकदा सैल केलेलं रागाच्या भरात आवळू नका. अगदी लहानग्यांचा हिशेब मात्र वेगळा. दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि पाचपर्यंत तासाभराच्या आत, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. या वयात स्वातंत्र्याचा मुद्दा पुढे करण्यात अर्थ नाही.

मध्येच 'ठेव आता!'

ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही. उठलं की टीम हरते आणि मित्र चिडतात. म्हणून टायमर लावण्याआधी विचारा, 'ही मॅच कधी संपते?' जेवायला त्यानंतर बोलवा. घरातली निम्मी भांडणं एवढ्याने मिटतात.

स्क्रीनचे तास मोजणं, रिकामे तास न मोजणं

माझ्या मते खरी गोम इथे आहे. पुण्या-ठाण्यातल्या सोसायटीत शाळेत न जाणाऱ्या मुलाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी आठला सगळी मुलं व्हॅनमध्ये बसून जातात. दुपारी येतात ती जेवून क्लासला पळतात. खाली खेळायला कोणी उतरतं ते सहानंतर. तोवर आई लॅपटॉपवर, बाबा ऑफिसात, आजी असलीच तर दुपारी आडवी. या दहा तासांत मुलाशी बोलणारं, खेळणारं, हरवणारं दुसरं कोण आहे? ऑनलाइन गेममध्ये निदान चार माणसं असतात. तो एक तासावर आणलात तर उरलेले नऊ तास मूल काय करणार, याचं उत्तर आधी तयार हवं.

उत्तर बहुतेक वेळा माणसांत सापडतं. होमस्कूलिंग करणारी दोन-तीन कुटुंबं मिळून आठवड्यातल्या ठरावीक सकाळी बागेत किंवा टेकडीवर भेटता येतं. मुलाला मंडईत, गॅरेजमध्ये, शिंप्याकडे सोबत न्या, बिल त्यालाच करू दे. डोळ्यांसाठीही बाहेर पडणं महत्त्वाचं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, तर तीन वर्षांत लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) जडण्याचं प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिलं. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले.

अभ्यासासारखी सुरक्षाही मुलावर सोपवणं

अनोळखी माणसाशी चॅट, गेममधली खरेदी, घरच्यांच्या यूपीआयचा पिन, रात्री गादीत मोबाइल. इथे ठाम 'नाही' म्हणायला कचरू नका. रस्ता ओलांडताना आपण हात धरतोच की. फक्त कारण सांगा, आणि हेच नियम स्वतःलाही लावा. बाबा रात्री बारापर्यंत रील्स बघत असतील तर मुलाला काय सांगणार?

दहावीची धास्ती मोबाइलवर काढणं

नातेवाइकांनी 'मग दहावीचं काय?' विचारलं की त्या दिवशी टॅब हमखास जप्त होतो. ही भीती वेगळी आहे, तिची सोय वेगळी करा. चौदा वर्षं पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी देता येते. राज्य मंडळाकडे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसण्याची वाटही आहे. अटी आणि तारखा वेळेत पाहून ठेवा, म्हणजे बारा वर्षांच्या मुलाच्या गेमवर दहावीचं सावट पडणार नाही.

आणि व्यसन हा शब्द जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे साधारण वर्षभर चाललेलं असावं लागतं. नव्या गेमचं तीन आठवड्यांचं वेड त्यात बसत नाही. झोप उडाली, जेवण सुटलं, आधी जिवापाड आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या, तर मात्र वर्षाची वाट न पाहता बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि तोवर टॅब हिसकावून घेण्याचा प्रयोग घरच्या घरी करू नका.