न बघता ओळखा: अणुकेंद्राचा प्रयोग वर्गात

नववीला अणूची रचना शिकवताना मी फळ्यावर आकृती काढायच्या आधी गोट्या बाहेर काढते. कॅरम बोर्डाएवढा जाड पुठ्ठा घ्या, चार कोपऱ्यांखाली वह्या ठेवा; गोटी खालून सहज जायला हवी. मधोमध फरशीला एक तिकोनी लाकडी ठोकळा चिकटपट्टीने पक्का बसवा. तो हलला की सगळं मुसळ केरात. कुणीही खाली डोकावायचं नाही. अणूत डोकावायची सोय अणुकेंद्र शोधणाऱ्या रुदरफर्ड या शास्त्रज्ञालाही नव्हती!

एकाच बाजूने, थोडं थोडं सरकत, सारख्या जोराने गोट्या सोडा. गोटी कुठून शिरली, कुठून निघाली, ते पुठ्ठ्यावरच्या कागदावर रेघेने दाखवा. सपाट बाजूवरून गोट्या एकाच दिशेला वळतात, गोल ठोकळा ठेवला तर त्यावरून पांगतात. आकार मुलंच सांगतात.

आता ठोकळा काढून फक्त एक गोटी चिकटवा. बहुतेक गोट्या सरळ निघून जातात, एखादीच मागे येते. हीच वेळ मँचेस्टरची गोष्ट सांगायची. १९०९ मध्ये रुदरफर्डचे सहकारी गायगर आणि मार्सडेन अंधाऱ्या खोलीत अल्फा कण (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धनप्रभारित कण) आदळून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उमटणारे बारीक चमकारे सूक्ष्मदर्शकातून मोजत होते. सोन्याच्या वर्खातून बहुतेक अल्फा कण आरपार जात, हजारोंतला एखादा उलट फिरे. त्यावरून १९११ मध्ये रुदरफर्डने अणुकेंद्राची कल्पना मांडली.

एक फरक मात्र तास संपायच्या आत सांगाच: आपली गोटी आदळून वळते, अल्फा कण केंद्रातल्या धनप्रभारामुळे न भिडताच लोटला जातो.