बॅचचा ग्रुप थंड पडतोय? या चुका टाळा

आमची सांगलीची बी.एस्सी.ची बॅच, १९७९ची. ग्रुप निघाला २०१६ साली, पहिली फळी अठ्ठावन्न पूर्ण करून सरकारी नोकरीतून घरी बसली तेव्हा. मी त्यात आले २०१८ला. मधली दोन वर्षं मी कुणाला सापडलेच नाही, कारण वर्गातले मुलगे मला माहेरच्या आडनावाने फेसबुकवर शोधत होते आणि ते आडनाव मी १९८४ साली मांडवातच सोडून आले होते.

तर पहिली चूक हीच. वर्गातल्या मुली शोधायच्या तर फेसबुकवर नको, माहेरी शोधा. भाऊ, वहिनी, जुन्या गल्लीतला किराणावाला, कुणीतरी सांगतंच. आणि एक जण सापडली की तिच्याकडे बाकी दोघी-तिघींचे नंबर असतातच. आम्ही वर्गात अकरा मुली होतो, त्यातल्या नऊ जणी महिन्याभरात ग्रुपवर आल्या.

भेट ठरवताना

ग्रुप निघाला की पहिल्या आठवड्यात शेकड्याने मेसेज येतात आणि त्या भरात कुणीतरी म्हणतं, ‘चला, केदारनाथ करू!’ आमच्याकडेही झालं. सव्वीस जणांनी अंगठा दाखवला. मग केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, गौरीकुंडापासून चढ आहे, हे हळूहळू ध्यानात आलं. कुणाला स्टेंट, कुणाचे गुडघे. राहिले सात, आणि सातांचंही बारगळलं. वाईट याचं वाटलं की त्यानंतर वर्षभर कुणी साध्या भेटीचं नावही काढलं नाही.

मोठी सहल पहिल्या वर्षी काढूच नका. आम्ही मग हरिपूरला भेटलो. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं दर्शन, झाडाखाली भडंग आणि चहा. अर्ध्या दिवसात सगळे घरी. तिथेच ठरलं: दर महिन्याचा पहिला शनिवार, आमराई. ‘कोण कोण येणार?’ असं विचारायचंच नाही. विचारलं की नकार सुरू होतात, आणि तीन नकार वाचले की चौथा निघालेला माणूस चप्पल काढून ठेवतो. दोघं आले तरी भेट झाली असं धरायचं.

वेळ मात्र पुरुषांनी सकाळी आठची ठरवली होती. आठला आम्ही बायका नातवंडांचे डबे भरत असतो. शिवाय आमच्यातल्या दोघींच्या घरी नव्वदीच्या सासूबाई आहेत, त्यांचं आवरल्याशिवाय पाय निघत नाही. निवृत्त झालो म्हणजे मोकळे झालो हे पुरुषांचं गणित. साडेदहा केल्यावर हजेरी जवळपास दुप्पट झाली.

वर्षातून एकदा मोठं संमेलन करायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारी धरा. उन्हाळ्यात निम्मे जण मुलांकडे अमेरिकेत असतात आणि पेन्शनवाल्यांचा नोव्हेंबर हयातीच्या दाखल्यात जातो.

तिकीट काढताना

इथे आम्ही चांगलेच पोळलो. मिरजेहून जायचं होतं, सहाही जण साठीच्या पुढचे. एकाने कौतुकाने सहा जणांचं एकच तिकीट काढलं आणि गाडीत चढल्यावर पाहतो तर तीन वरचे बर्थ, दोन मधले. कारण नंतर कळलं. ज्येष्ठांसाठी खालचे बर्थ राखीव असतात (पुरुष साठीचे, बायका पंचेचाळिशीच्या पुढच्या), पण एका तिकिटावर एकटे किंवा दोघेच ज्येष्ठ असले तरच त्या कोट्याचा विचार होतो. सहा जणांचं एक तिकीट काढलं की कोटा गेला. तेव्हा दोघा-दोघांची वेगळी तिकिटं काढा. बर्थ वेगवेगळ्या डब्यांत आले तर गप्पा स्टेशनवर मारा, पण मधल्या बर्थवर चढायचा प्रयोग नको.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ३१ ऑक्टोबर २०२४पर्यंत ते एकशेवीस होतं आणि आमच्यातले काही अजून चार महिने आधीच कॉम्प्युटरसमोर बसतात. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२०मध्ये थांबली, ती पुन्हा सुरू झाली का म्हणून दर सहलीला कुणीतरी विचारतंच. त्यापेक्षा एसटी बरी. पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट, पंचाहत्तर पूर्ण झाली की राज्यात कुठेही फुकट, आणि बायकांना २०२३पासून सरसकट अर्धं. आधार कार्ड खिशात हवं. आमचे एक सर ऐंशी पार आहेत. कंडक्टरने त्यांना फुकट आणि आम्हाला अर्धं तिकीट दिल्यावर सर म्हणाले, ‘अजून तुम्ही लहान आहात.’

पैसे एकाच्या खात्यात

हे मला सुचायला हवं होतं, कारण मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. संमेलनाच्या वर्गणीतून उरलेले पैसे आमच्या खजिनदाराच्या बचत खात्यात राहायचे. माणूस सोन्यासारखा. निळ्या पुठ्ठ्याची वही, बारीक अक्षर, ‘भडंग ३ किलो, पिशवीसकट’ इथपर्यंत नोंद. एका पावसाळ्यात तो अचानक गेला. ग्रुपचे ४१,३०० रुपये त्याच्या एकट्याच्या नावावर होते. नॉमिनी होत्या वहिनी, म्हणजे कागदोपत्री आमचा त्या पैशावर काही संबंधच नव्हता, आणि ज्या घरी रडारड चालू आहे तिथे जाऊन ‘आमचे पैसे’ कोण म्हणणार?

आम्ही गप्पच राहिलो. तेराव्याला गेलो, पानावरून उठलो, तर वहिनींनी आतून वही आणि एक पाकीट आणलं. शेवटच्या पानावरची शिल्लक त्यांनी स्वतःच्या पैशातून मोजून आत घातली होती. ‘ह्यांचं बँकेचं व्हायला वेळ लागेल, तुमचं कशाला अडकवू?’ पाकीट घेताना मला मान वर करवली नाही.

त्यानंतर आम्ही शिल्लकच ठेवत नाही. जेवण झालं की तिथल्या तिथे भागिले करून ज्याचे त्याने यूपीआयवर पाठवायचे. तुम्हाला निधी ठेवायचाच असेल तर त्यासाठी वेगळं संयुक्त खातं उघडा, दोघांच्या सहीचं, आणि पासबुकाचा फोटो तीन महिन्यांनी ग्रुपवर टाका.

ग्रुपवर

गुड मॉर्निंगच्या फुलांवर मी काही बोलणार नाही, ती थांबत नाहीत. पण निरोप त्या फुलांखाली गाडले जातात, म्हणून दुसरा ग्रुप काढा, फक्त ॲडमिनला लिहिता येईल असा. त्यात भेटीची तारीख, कोण दवाखान्यात आहे आणि कुणाच्या घरी काय झालं एवढंच. एकदा वर्गमित्र गेल्याच्या बातमीखाली बत्तीस श्रद्धांजल्या आणि मधोमध नाचणारा केक आला होता, कुणाचा तरी वाढदिवस होता म्हणून.

मित्राच्या नंबरवरून ‘अडचणीत आहे, वीस हजार टाक’ असा मेसेज आला तर आधी त्याला साधा फोन लावा. लागला नाही तर त्या मेसेजवाल्याला त्याचं कॉलेजातलं टोपणनाव विचारा. (आमच्या बॅचमधली टोपणनावं कुठल्याही चोराला सुचणार नाहीत.) लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर हात लावू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३०ला फोन करा. आणि व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांच्या पडताळणीचा पिन आजच घाला, नातवाला सांगितलं तर दोन मिनिटांत करून देतो.

परदेशातल्यांसाठी व्हिडिओ कॉल ठेवताना घड्याळ बघा. आपल्या रात्री आठला कॅलिफोर्नियात हिवाळ्यात सकाळचे साडेसहा असतात. झूमचं फुकट खातं चाळीस मिनिटांनी बंद पडतं, त्याचा राग मानू नका, आम्हाला तर ते सोयीचं वाटतं. पण वीस जण एकदम बोलतात तेव्हा कानाला यंत्र लावलेल्याला काहीच ऐकू येत नाही. तो हसून मान हलवत राहतो. त्याला नंतर एकट्याला फोन करा.

आणि कुणी ग्रुप सोडला तर त्याला राग आला असं लगेच धरू नका. आमच्यातला एक जण निघून गेला तेव्हा राजकारणावरून बिनसलं असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. चार महिन्यांनी मी फोन केला. बायकोला विस्मरणाचा आजार, रात्री ती उठून दार उघडून बाहेर जाते, म्हणून हा फोन बंद ठेवून झोपेतही एक कान दाराकडे ठेवतो. आता दोघी-तिघी आळीपाळीने त्याच्या घरी बसतो, म्हणजे शनिवारी तो दोन तास बाहेर पडू शकतो.

गेल्या जुलैच्या पहिल्या शनिवारी पाऊस असा होता की आमराईबाहेरच्या टपरीवर तो आणि मी, दोघंच. दोन कटिंग झाले. पत्र्यावरच्या आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून आम्ही नुसतेच बसलो. उठताना तो म्हणाला, ‘पुढच्या वेळी मोठी छत्री आण.’