बाहेर जाणाऱ्या मांजराला लिटर ट्रेची सवय लावताना या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की नाशकात दर वर्षी तेच घडतं. मे अखेरपर्यंत मांजर शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, नाहीतर बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर जाऊन येत असतं. मग पाऊस सुरू होतो, दारं बंद होतात, किंवा घरच बदलतं आणि रो-हाऊसमधलं मांजर चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येतं. दुकानातून ट्रे आणि लिटरची, म्हणजे ट्रेमध्ये पसरायच्या दाणेदार भुकटीची, पिशवी येते, मांजराला उचलून त्यात बसवलं जातं आणि त्याला संध्याकाळपर्यंत समजेल असं सगळ्यांना वाटतं. दोन दिवसांनी गादी ओली सापडली की मांजर हट्टी ठरतं.

उकरायचं, उरकायचं आणि झाकून टाकायचं, हे त्याला आधीपासून येतं. नवीन असतात त्या दोनच गोष्टी: जागा आणि पायाखालचा थर. त्या दोन्ही एकाच दिवशी बदलल्या की घोटाळा झालाच म्हणून समजा.

माती एका दिवसात काढून लिटर घालणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. पंजाला कसला स्पर्श झाला की उकरायचं, ही आवड मांजराच्या लहानपणीच पक्की होते. वाळूत जाणाऱ्या मांजरापुढे सुगंधी, टोकदार खडे ठेवले तर ते हुंगून निघून जाणारच.

म्हणून पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये लिटर नकोच. मांजर बाहेर जिथे जायचं तिथली वाळू किंवा माती आणा, चाळून घ्या, दोन दिवस कडक उन्हात पसरा आणि ६ सेंटीमीटरचा थर द्या. आपल्याकडची काळी माती मात्र टाळा. ओली झाली की ती पंजांना चिकटते आणि वाळली की तिची ढेकळं होतात. पोयटा किंवा बारीक वाळू उत्तम. नर्सरीतली शेणखत मिसळलेली माती आणू नका, तिच्या वासाने आणि चिलटांनी घरातलीच माणसं वैतागतात. वरून मांजराच्या जुन्या जागेवरची मूठभर ओली माती टाका. स्वतःचा वास ओळखला की निम्मं काम होतं.

सलग तीन-चार दिवस एकदाही चूक झाली नाही, की तीन भाग मातीत एक भाग लिटर मिसळा. मग दर चार-पाच दिवसांनी लिटर पाव हिश्शाने वाढवा. मध्येच मांजराने ट्रेबाहेर घाण केली तर एक पायरी मागे या आणि थांबा. घाई केलेल्या घरांमध्ये हेच काम दोन-दोन महिने रखडतं. नीट केलं तर साधारण तीन-चार आठवड्यांत आटोपतं. मातीचे गोळे होत नाहीत, त्यामुळे या काळात दोन-तीन दिवसांनी ती पूर्ण बदलावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

लिटर घ्यायचं ते बिनवासाचं, बारीक दाण्याचं बेंटोनाइट, म्हणजे ओलं झालं की फुगून गोळा होणारी चिकणमाती. वाळूच्या सगळ्यात जवळ जाणारं तेच. लॅव्हेंडर, लिंबू हे वास माणसाच्या नाकासाठी असतात. सिलिकाचे खडे आणि लाकडाच्या गोळ्या बाहेर जाणाऱ्या मांजराला सहसा पायाखाली नकोच असतात. इगतपुरीकडून भाताचं तूस स्वस्तात आणतात, पण ते लघवी शोषत नाही, सगळं तळाशी साचतं. सुताराकडच्या प्लायवूडच्या भुशात गोंद असतो आणि त्याची धूळ नाकात जाते. पिल्लू दोन महिन्यांच्या आतलं असेल तर बेंटोनाइट अजिबात नको: पिल्लं ते खातात आणि ते पोटात फुगतं.

ड्राय बाल्कनी आणि फिनाइल

आपल्या फ्लॅटमध्ये नको असलेली प्रत्येक वस्तू ड्राय बाल्कनीत जाते, तसा ट्रेही जातो. इंदिरानगरच्या एका घरातली नसबंदी झालेली मांजरी पहिले चार दिवस ट्रे व्यवस्थित वापरत होती. पाचव्या दिवशी ती ट्रेमध्ये बसलेली असतानाच शेजारचं वॉशिंग मशीन स्पिनला लागलं. ती उडी मारून पळाली आणि त्या बाल्कनीत पुन्हा गेली नाही. रात्री बेडवरच्या गोधडीत लघवी. घरच्यांनी गोधडी धुतली, गादी आणि फरशी फिनाइलने पुसली. दुसऱ्या रात्री त्याच जागी पुन्हा. मग आणखी कडक फिनाइल, बेडच्या चारही कोपऱ्यांत डांबर गोळ्या आणि मांजरीला ओरडा. आठवड्यात ती कपाटावरून खाली येईना, लाळ गाळू लागली आणि डॉक्टरांकडे न्यावं लागलं. शिकवण्याची चूक एकच होती, पण तिच्यावर केलेले उपाय मांजरीच्या जिवावर आले होते.

फिनाइल आणि पाण्यात टाकताच दुधाळ होणारी जंतुनाशकं मांजरासाठी विषारी असतात. त्यांतले फिनॉलसारखे घटक मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत. फरशीवरून चालून पंजे चाटले तरी ते पोटात जातं. डांबर गोळ्याही विषारीच. ब्लीचिंग लघवीवर पडलं तर घातक वायू तयार होतो. आणि एवढं करूनही वास जात नाही, कारण लघवीतलं युरिक अॅसिड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते सुकून बसतं आणि पावसाळी दमट हवेत पुन्हा वास सोडतं. आपल्याला आला नाही तरी मांजराला येतो.

जुन्या कापडाने लघवी दाबून टिपून घ्या, घासू नका. साधं पाणी मारून पुन्हा टिपा. मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारं एन्झाइम क्लीनर भरपूर ओता, १५ मिनिटं राहू द्या, टिपा आणि आपोआप वाळू द्या. गादीत लघवी जितकी खोल गेली असेल तितकं खोल क्लीनर जायला हवं, वरवर फवारून उपयोग नाही. व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून सिरॅमिक टाइल्सवर चालतं. शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर ते वापरू नका, आम्लाने दगड खरवडतो आणि डाग कायमचा राहतो.

ट्रेची जागा शांत हवी, खाण्याच्या वाटीपासून लांब, आणि तिथून पळायला दोन बाजू मोकळ्या. बाथरूमशिवाय जागा नसेल तर बादलीचं पाणी उडणार नाही असा कोपरा निवडा आणि दाराला अडसर लावा, नाहीतर वाऱ्याने दार बंद होतं आणि मांजर बाहेरच राहतं. उघड्या बाल्कनीत पावसात लिटरचा चिखल होतो, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या नाशिकच्या थंडीत मांजर रात्री तिकडे फिरकत नाही.

बाकीच्या चुका

ट्रे लहान घेणं. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट ट्रे हवा. पेट शॉपमधल्या महागड्या ट्रेपेक्षा मेन रोडला मिळणारा तेवढ्या लांबीचा साधा टब बरा. बाजू २० सेंटीमीटर उंच, आत जायला एका बाजूने १० सेंटीमीटरपर्यंत कापायचा आणि कड चिकटपट्टीने झाकायची.  टोमॅटोचं कॅरेट वापरू नका, भोकांतून सगळं बाहेर येतं. झाकणाचा ट्रे सुरुवातीला नकोच.

पंजे धरून उकरून दाखवणं. मांजर घाबरतं आणि ट्रेलाच घाबरायला शिकतं. लघवीत नाक घासणं तर पूर्णपणे बंद करा.

दिवसभर वाटी भरून ठेवणं. ठरलेल्या वेळी खाऊ घातलं तर पुढच्या अर्ध्या तासात आणि झोपून उठल्यावर त्याला ट्रेपाशी नेता येतं.

पहिल्याच दिवशी सगळं घर मोकळं सोडणं. एक खोली, त्यात ट्रे, पाणी, अंथरूण. आठवडाभर चूक झाली नाही की दुसरी खोली उघडा. बाल्कनीतल्या कुंड्यांवर आधी मोठे गोटे पसरा, नाहीतर मांजर तुळशीच्या कुंडीचीच निवड करेल.

दोन मांजरांना एक ट्रे. तीन हवेत, वेगवेगळ्या ठिकाणी.

सफाईचा आळस. दिवसातून दोनदा स्कूपने उपसा, महिन्यातून एकदा सगळं बदलून टब गरम पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा. शीमधला टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजची सफाई महत्त्वाची. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. बेंटोनाइट कमोडमध्ये टाकू नका, पाइपमध्ये फुगून बसतं. वेगळ्या पिशवीत बांधून घंटागाडीत द्या.

बोका शेपटी उभी करून भिंतीवर फवारे मारत असेल तर ती हद्द आखण्याची खूण आहे, ट्रेने ती थांबणार नाही. नसबंदी करा, शक्यतो पाच-सहा महिन्यांचा असतानाच.

आणि बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन जोर करतोय, ओरडतोय, लिंग चाटतोय, पण थेंबभरच लघवी येतेय किंवा येतच नाहीये, तर तिथे शिकवण्याचा प्रश्नच उरत नाही. मूत्रमार्ग बंद झालेला असू शकतो, आणि तसं असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पोट दाबून पाहू नका, घरचं औषध देऊ नका, सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी फोन करून जो पशुवैद्य उपलब्ध असेल त्याच्याकडे निघा.